कामावर जडलेला क्षयरोग: साधे आजारपण की कामावरची दुखापत?

सूक्ष्मदर्शी

मी नाशिक जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतो. नेमणूक रुग्णालयाची नाही, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका एजन्सीची आहे. पगार १८ हजार रुपये असून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी दरमहा कापली जाते. नोकरीला अद्याप दोन वर्षे पूर्ण झालेली नाहीत आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मला फुफ्फुसाचा क्षयरोग झाल्याचे निदान झाले. सीबीनॅट या जनुकीय चाचणीत तो रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला दाद न देणारा निघाला. माझे रोजचे काम म्हणजे थुंकीच्या डब्या उघडणे, त्यातील नमुना काचपट्टीवर पसरवणे, रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. डबी उघडण्याचे काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे जंतू बाहेर पसरू न देणाऱ्या हवा खेचणाऱ्या कपाटात, व्हायला हवे, परंतु आमच्या कॅबिनेटचा पंखा बंद पडलेला होता. ते लेखी कळवूनही दुरुस्ती न झाल्यामुळे आम्ही साध्या टेबलावर, खिडकी उघडी ठेवून डब्या उघडत होतो. एन-९५ मास्क आठवड्याला एक मिळत असे.

रजेचा अर्ज दिला तेव्हा रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाने सांगितले की, क्षयरोग कुठेही होऊ शकतो, तुम्ही रोज एसटीने येता, तेव्हा तो कामावरच झाला हे आधी सिद्ध करा. एजन्सी म्हणते की ईएसआयमधून आजारपणाची रजा घ्या आणि विषय संपवा. आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपुरताच मिळतो. दीर्घ आजारांसाठी जो वाढीव लाभ असतो, त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी लागते आणि ती माझी नाही. उपचार मात्र ९१ दिवसांत आटोपणारे नाहीत.

करोनाच्या काळात आम्हाला ‘योद्धे’ म्हटले गेले आणि ५० लाखांचा विमाही जाहीर झाला. नेहमीच्या दिवसांत नेहमीच्या रोगाने आजारी पडणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी कायद्यात काही तरतूद आहे का? आणि रोग कामावरच झाला हे मी सिद्ध करायचे तरी कसे?

आरती_अधिपरिचारिका

कायद्याचे जाणकार सांगतीलच, पण त्याआधी एक काम आजच करावे. नमुन्यांच्या नोंदवहीतील ज्या पानांवर तुमच्या अक्षरात नोंदी व सह्या आहेत, त्यांची छायाचित्रे रुग्णांची नावे झाकून काढून ठेवावीत आणि ड्यूटीच्या तक्त्याची प्रत मिळवावी. आमच्याकडे सुई टोचली की नोंद करण्यासाठी एक वही असते, परंतु वॉर्डात गर्दी असली की ‘नंतर लिहू’ असे म्हणून ती नोंद राहूनच जाते. पुढे कावीळ ‘ब’ निघाली, तर सुई कधी टोचली याचा कागद कुणाकडेच नसतो. श्वासातून येणाऱ्या रोगाला तर टोचल्याचा क्षणही नसतो. तिथे तुमची रोजची हजेरी हाच पुरावा.

निवृत्त_शिरस्तेदार

धागालेखकांना मनुष्यबळ विभागाने जे सांगितले, ते कायद्याच्या नेमके उलटे आहे. कामगार न्यायालयाच्या कार्यालयात माझी नोकरी गेली असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ या दोन्ही कायद्यांना व्यवसायजन्य रोगांची यादी असलेली तिसरी अनुसूची आहे. तिचे भाग केले आहेत आणि ‘अ’ भागातील अगदी पहिली नोंद आहे ती संसर्गाचा विशेष धोका असलेल्या व्यवसायात जडणाऱ्या संसर्गजन्य व परजीवीजन्य रोगांची. समोर कामांची वर्णने दिली आहेत: आरोग्यसेवेचे किंवा प्रयोगशाळेचे काम, पशुवैद्यकीय काम, जनावरे व त्यांची कलेवरे हाताळण्याचे काम, आणि शेवटी ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम’. रोगाचे नाव कुठेही घातलेले नाही, त्यामुळे क्षयरोग, कावीळ, करोना किंवा उद्या येणारा एखादा नवा रोग यांपैकी कशासाठीही कायदा बदलावा लागत नाही. प्रयोगशाळेचा उल्लेख तर शब्दशः आहे.

आता पुराव्याचे ओझे. ‘अ’ भागातील कामावर असलेल्या माणसाला त्या कामाशी निगडित रोग जडला, तर तो कामामुळे झालेला अपघात मानला जातो आणि विरुद्ध बाब सिद्ध होईपर्यंत तो कामातूनच व कामाच्या ओघातच उद्भवला असे गृहीत धरले जाते. १९२३ च्या कायद्यात हे कलम ३(२) मध्ये आहे, विमा कायद्यात कलम ५२-अ मध्ये. तुम्ही दाखवायचे ते इतकेच की रोग आहे आणि काम त्या वर्णनाचे आहे. तो एसटीत झाला असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. ‘ब’ भागातील रोगांसाठी ठरावीक काळ नोकरी झालेली असावी लागते, पण ‘अ’ भागाला तीही अट नाही.

तुमचा पगार २१ हजारांच्या आत असून वर्गणी कापली जाते, म्हणजे तुम्ही विमाधारक आहात आणि तुमचा रस्ता ईएसआयचाच आहे. त्याच दुखापतीसाठी १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही. मात्र ईएसआयच्या आतच दोन दारे आहेत आणि एजन्सी तुम्हाला चुकीच्या दाराकडे पाठवत आहे. साधे आजारपण म्हणून गेलात, तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम ९१ दिवसांपर्यंत मिळेल. वाढीव लाभ ८० टक्क्यांचा असतो, पण तो तुम्हाला लागू नाही. ‘रोजगारातील दुखापत’ म्हणून गेलात, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्क्यांनी मिळतो, तो कामावर परतण्यास अपात्र असेपर्यंत चालू राहतो आणि त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नसते. रोजची सरासरी ६०० रुपये धरली, तर एकीकडे ४२० रुपये मिळून ९१ दिवसांनंतर काहीच नाही, आणि दुसरीकडे ५४० रुपये, बरे होईपर्यंत. उपचारानंतर फुफ्फुसाची क्षमता कायमची घटली, तर वैद्यकीय मंडळाकडून टक्केवारी ठरून कायम अपंगत्वाचा लाभही मागता येतो.

त्यासाठी नियोक्त्याकडून नमुना १२ मधील अपघात अहवाल शाखा कार्यालयात जायला हवा. तो देण्यास टाळाटाळ झाली, तर तुम्ही स्वतः शाखा कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. व्यवसायजन्य रोगाचा प्रश्न विशेष वैद्यकीय मंडळापुढे जातो आणि निर्णय विरुद्ध गेला, तर कर्मचारी विमा न्यायालय आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाल्यामुळे हे दोन्ही जुने कायदे तिच्यात विलीन झाले आहेत. तुमचा रोग त्याआधीचा आहे म्हणून मी जुनी कलमे दिली. संहितेत कलमांचे आकडे बदलले आहेत, पण तिसऱ्या अनुसूचीतील ही पहिली नोंद तशीच राहिली आहे.

दुसरी_बाजू

मी एका लहान रुग्णालयाचे प्रशासन पाहतो, त्यामुळे थोडे कटू वाटले तरी लिहितो. क्षयरोगाचे जगातील सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात आहेत. आमच्याकडील लेखापालालाही तो झाला होता आणि त्याने कधी वॉर्डात पाऊल ठेवलेले नव्हते. अशा देशात ‘विरुद्ध बाब सिद्ध करा’ हे नियोक्त्याने करायचे तरी कसे? कर्मचारी कुठल्या चाळीत राहतो आणि कुणाशेजारी बसतो, याचा शोध आम्ही घ्यायचा का? प्रत्येक क्षयरोग आमच्या माथी मारला गेला, तर वीस खाटांचे रुग्णालय चालवणे अशक्य होईल.

निवृत्त_शिरस्तेदार

आपला प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. लेखापालाचे काम ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले’ नाही, त्यामुळे ते गृहीतक त्याला मिळतच नाही. दुसरे असे की धागालेखकांच्या प्रकरणात पैसे ईएसआय देणार आहे, रुग्णालय नाही. वर्गणी भरली जाते ती याचसाठी. तरीही अहवालावर सही करायला रुग्णालये का कचरतात, हे मला नोकरीत असताना कधी कळले नाही. सही केल्याने आपण दोष कबूल केला असे त्यांना वाटत असावे. परंतु भरपाईच्या कायद्यात दोष कुणाचा हा प्रश्नच नसतो. पंखा बंद होता हे सिद्ध झाले नाही, तरी लाभ मिळतो.

ज्यांचा पगार २१ हजारांच्या वर आहे, त्यांच्या बाबतीत मात्र भार खरोखर नियोक्त्यावर येतो. जुन्या कायद्याखालील मृत्यूचा हिशेब सांगतो. मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वेतन कितीही असले तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेपासून ते जास्तीत जास्त १५ हजार धरले जाते. चाळीस वर्षांच्या परिचारिकेसाठी गुणक १८४.१७ आहे, म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, एकूण १३,८१,२७५ रुपये. देय झाल्यापासून महिन्याभरात ही रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते आणि समर्थनीय कारण नसेल, तर निम्म्यापर्यंत दंडही. २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही नियोक्त्यानेच द्यायचा आहे. हे नको असेल, तर विमा उतरवण्याचा मार्ग खुला आहे आणि शहाणी रुग्णालये तो उतरवतात.

श्वसनमार्ग

छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून वैद्यकीय बाजू सांगतो. क्षयरोगाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतात, त्यामुळे ‘संसर्ग नेमका कोणत्या दिवशी झाला’ याचे उत्तर कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. जंतूंची संपूर्ण जनुकीय मांडणी तपासून तुमचा जंतू आणि एखाद्या रुग्णाचा जंतू एकाच वंशाचा आहे का, हे पाहता येते. परंतु त्यासाठी दोन्ही जंतू जतन केलेले असावे लागतात आणि लहान रुग्णालयात ते नसतात. म्हणूनच कायद्याने घेतलेले गृहीतक मला शास्त्राशीही सुसंगत वाटते. जे कुणालाच सिद्ध करता येत नाही, ते सिद्ध करण्याची जबाबदारी दुबळ्या पक्षावर टाकू नये, एवढेच त्यात आहे.

धागालेखकांना एक सूचना आहे. नोकरीवर रुजू होताना छातीचा एक्स-रे काढला असेल आणि तो स्वच्छ असेल, तर तो शोधून काढावा. तुमच्या प्रयोगशाळेत त्या काळात रिफॅम्पिसिनरोधक नमुने किती आले, याची नोंदही असेल. अशा रुग्णांचे प्रमाण बाहेर तुलनेने कमी असते, त्यामुळे तुमच्या जंतूची ही जात मंडळापुढे तुमच्याच बाजूने बोलेल. आणखी एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. रजा आणि लाभ यांचे भांडण चालू असताना एकही गोळी चुकवू नये.

झाडूवाला_साथी

चर्चा रुग्णालयातच फिरते आहे, म्हणून रस्त्यावरच्या माणसांबद्दल लिहितो. मी मुंबईतील सफाई कामगारांच्या संघटनेचे काम करतो. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उतरून जाळ्या मोकळ्या करणाऱ्या माणसाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, कारण त्या पाण्यात उंदीर-घुशींचे मूत्र असते आणि पायाला भेग असली तर जंतूंना तेवढी वाट पुरते. अशा कामगाराला अनुसूचीतील ‘इतर काम’ हे वर्णन लागू होते असे आम्ही मांडतो. पाणी तुंबल्यानंतर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घ्या असे आवाहन पालिका स्वतःच करते. ज्या कामासाठी आधी गोळी घ्यायला सांगितली जाते, त्या कामात विशेष धोका नाही असे नंतर कोणत्या तोंडाने म्हणणार?

आमची खरी अडचण रोग सिद्ध करण्याची नसतेच. माणूस कुणाचा, इथेच गाडी अडते. कंत्राटदार म्हणतो की तो ‘स्वयंसेवक’ आहे, पालिका म्हणते की तो कंत्राटदाराचा आहे. मुंबईतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगार पालिकेचेच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाकडून मान्य व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. त्या काळात कितीजण आजारी पडले, याची मोजदाद कुणी ठेवली?

निवृत्त_शिरस्तेदार

साथींनी नेमके दुखणे सांगितले. १९२३ च्या कायद्यातील कलम १२ यासाठीच होते. मुख्य नियोक्त्याच्या धंद्याचे किंवा व्यवहाराचे काम कंत्राटदारामार्फत करून घेतले जात असेल, तर कामगाराने भरपाई थेट मुख्य नियोक्त्याकडून मागावी आणि मुख्य नियोक्त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. त्यांच्या आपसांतील वादासाठी कामगाराला थांबावे लागत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कामगाराकडून लिहून घेतला असेल, तर कलम १७ प्रमाणे तो रद्दबातल असतो. कोऱ्या कागदावर सह्या केलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

सॅन_होजेकर

तुलनेसाठी कॅलिफोर्नियातील अनुभव. एरवी तिथेही बहुतेक कामगारांना संसर्ग कामावर झाला हे स्वतःच दाखवावे लागते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने कायदा करून पोलीस, अग्निशमन दल व आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी करोनापुरते गृहीतक आणले: कामावर हजर राहिल्यापासून १४ दिवसांत चाचणी सकारात्मक आली, तर रोग कामावरच झाला असे धरायचे. किराणा दुकाने, गोदामे वगैरे ठिकाणी अट कडक होती. शंभरपर्यंत कर्मचारी असतील तर १४ दिवसांत चारजण बाधित, त्याहून मोठ्या जागी चार टक्के, तरच गृहीतक लागू. आरोग्य कर्मचाऱ्यांचा दावा नाकारण्यासाठी विमा कंपनीला एरवीच्या ९० ऐवजी ३० दिवसच दिले होते. हा कायदा २०२३ च्या अखेरीस संपला. म्हणजे तिथे जे एका साथीपुरते, मुदत घालून दिले गेले, ते आपल्याकडे कायमचे पुस्तकात होते आणि तरी त्याचे नाव फारसे कुणी घेतले नाही.

वाशीकर

नाव घेतले गेले नाही, कारण सगळ्यांचे लक्ष ५० लाखांकडे होते. मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या गरीब कल्याण पॅकेजमधील ती विमा योजना भरपाईच्या कायद्याहून निराळी होती. तिच्यात गृहीतक नव्हते. करोना रुग्णांच्या प्रत्यक्ष संपर्कात व सेवेत असल्याचा संस्थेचा दाखला लागे, आणि तो न मिळाल्याने अनेक कुटुंबे अडली.

नवी मुंबईतील एका खासगी डॉक्टरांचे प्रकरण सर्वांनी वाचावे असे आहे. पालिकेने ३१ मार्च २०२० रोजी नोटीस काढून दवाखाना चालू ठेवण्यास बजावले. जूनमध्ये डॉक्टरांचा करोनाने मृत्यू झाला. त्यांची सेवा शासनाने करोनाच्या कामासाठी अधिग्रहित केलेली नव्हती, असे कारण देऊन विमा नाकारला गेला आणि मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पत्नीची याचिका फेटाळली. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका बदलली. साथरोग कायदा, महाराष्ट्राचे नियम आणि अशा नोटिसा एकत्र पाहता डॉक्टरांच्या सेवा मागवल्याच गेल्या होत्या, असे न्यायालयाने मानले. मात्र करोनाचे काम करतानाच मृत्यू झाला, हे दाव्यागणिक दाखवण्याची जबाबदारी कुटुंबावरच ठेवली. पाच वर्षांनंतर दार उघडले, पण ओझे जिथल्या तिथे.

हे डॉक्टर कुणाचे कर्मचारी नसल्याने त्यांच्या कुटुंबापुढे योजनेशिवाय मार्ग नव्हता. परंतु त्याच काळात गेलेल्या वॉर्डबॉयला, आयाला, प्रयोगशाळा साहाय्यकाला ईएसआयचा विमा असेल तर १९४८ चा आणि नसेल तर १९२३ चा कायदा उपलब्ध होता. ५० लाख मिळाले असते तरी ते त्याशिवायच असते. १९२३ च्या कायद्याखालील अर्जाच्या दोन वर्षांच्या मुदतीतून सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला होता. ती सवलतही आता सरली आहे आणि उशिराच्या अर्जासाठी सबळ कारण द्यावे लागेल.

गटप्रवर्तक_ताई

आम्हा आशांचे काय? क्षयरुग्णाच्या घरी जाऊन गोळ्या देतो, थुंकीच्या डब्या पिशवीत घालून उपकेंद्रात पोचवतो. पगार नाही, मोबदला. कर्मचारी नाही, स्वयंसेविका. करोनाच्या विम्यात आमचे नाव होते. २०२४ मध्ये राज्याने आमच्यासाठी अपघाती मृत्यूला १० लाख आणि कायम अपंगत्वाला ५ लाखांचा निर्णय घेतला, त्याचे समाधान आहे. पण तो अपघातासाठी आहे. डबी पोचवता पोचवता क्षयरोग झाला, तर तो अपघात कोण म्हणेल?

निवृत्त_शिरस्तेदार

ताई, कायद्याचे गृहीतक कर्मचाऱ्यापुरतेच असल्याने आज याचे उत्तर ‘कुणीच नाही’ असे आहे. शासननिर्णयात ‘अपघात’ या शब्दाची व्याख्या करताना व्यवसायजन्य संसर्गाचा समावेश करा, अशी मागणी तुमच्या संघटनेने लावून धरावी. त्यासाठी विधिमंडळात कायदा बदलावा लागणार नाही, निर्णयाला शुद्धिपत्रक पुरेसे आहे.

सूक्ष्मदर्शी

सर्वांचे आभार. शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. सोबत ड्यूटीचे तक्ते, नोंदवहीची छायाचित्रे, कॅबिनेटच्या दुरुस्तीबाबत पाठवलेला ईमेल आणि रुजू होतानाचा एक्स-रे जोडला आहे. खिडकीवरील कर्मचाऱ्याने प्रथम हा आजारपणाचाच अर्ज समजून वेगळा नमुना पुढे केला. तिसऱ्या अनुसूचीचे पान दाखवल्यावर तो आत जाऊन साहेबांना विचारून आला आणि अर्ज दाखल करून घेतला. अपघात अहवालासाठी नियोक्त्याला पत्र जाईल असे सांगितले आहे.

आता नवी काळजी अशी की, एजन्सीने काल फोन करून ‘लांब रजेवरचा माणूस आम्ही ठेवत नाही’ असे सुचवले.

निवृत्त_शिरस्तेदार

जुन्या विमा कायद्याच्या कलम ७३ नुसार, विनियमांतील अपवाद वगळता, तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असताना किंवा आजारपणाच्या उपचारांखाली असताना कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नसे, आणि तशी नोटीस दिली तर ती वैध ठरत नसे; संहिता लागू झाल्यानंतरची स्थिती शाखा कार्यालयात विचारून घ्या. फोनवरच्या बोलण्याला फोनवर उत्तर देऊ नका. ‘आपण अमुक तारखेला दूरध्वनीवर असे म्हणालात, कृपया लेखी कळवावे’ असा ईमेल एजन्सीला पाठवा आणि त्याची प्रत रुग्णालयाला व शाखा कार्यालयाला द्या. ईएसआयच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र प्रत्येक वेळी मुदत संपण्याआधी घ्या. मध्ये एका दिवसाचाही खंड पडला, तर त्यावर बोट ठेवले जाते.